जेवणानंतर एक गोळी

माझ्या खालच्या जबड्यात डावीकडे एकच दाढ उरली आहे. बाकीच्या एकेक करून गेल्या. आमच्या स्तोत्रमंडळातल्या बायका पाठ संपत आला की चपला शोधायला एकेक करून उठतात, तशा. ही मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. माझी खालची अर्धी कवळी तिच्याच आधाराने तोंडात टिकते, कवळीची तार तिला धरून असते. म्हणजे ती गेली की कवळी गेली, कवळी गेली की उच्चार गेले, आणि उच्चार गेले की माझ्यापाशी मिरवण्यासारखं काही म्हणता काही उरत नाही.

आपण मिरवणाऱ्यातल्या नाही असा माझा समज आहे, आणि तो समजच मी मिरवत असते. भारी साड्या सोडल्या, दागिने सुनेला देऊन टाकले, मोठ्याने बोलणं तर कधी नव्हतंच. पण स्तोत्रमंडळात कुणाचं जोडाक्षर अडखळलं की सगळ्या जणी माझ्या ओठांकडे बघतात, ते सुख काही माझ्याच्याने सुटलं नाही. मी मान खाली घालून बसते, नम्र दिसावं म्हणून. कान मात्र शेजारणीचं "काय बाई स्वच्छ म्हणता हो" ऐकायला उभे.

तर ही दाढ ठणकायला लागली.

सकाळी पूजा आटपेपर्यंत माझं मौन असतं, त्यामुळे सकाळचं ठणकणं कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. पूजेनंतर मौन सुटायचं, पण मग वाटायचं, आत्ता देवाचं नाव घेतलेलं तोंड, त्यातून पहिला शब्द तक्रारीचा कशाला. दुपारी स्वयंपाक. संध्याकाळी मंडळ. असं करता करता दुखणं सांगायला दिवसात जागाच उरायची नाही. शेवटी ह्यांच्याच लक्षात आलं, कारण मी घास पुढच्या दातांनी उंदरासारखा कुरतडत होते आणि जेवण संपायला उशीर होत होता. हे बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात कुठलीही गोष्ट वेळेवर सुटली नाही की ह्यांचा आवाज अजून डेपोत असल्यासारखा चढतो. गाल धरून काय बसलीस, तोंडाने सांगता येत नाही का, म्हणाले. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून मी एकटीच दवाखान्यात गेले. दवाखाना चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर गाल धरलेली माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. समोर भिंतीवर एका हसऱ्या दाढेचं चित्र होतं. त्या दाढेला स्वतःचे दात होते, एकूण एक शाबूत. मला तिचा हेवा वाटला.

डॉक्टर आमच्या भाचीच्या वयाच्या. त्या मला काकू म्हणाल्या, पण मी त्यांना अहोजाहोच करते. जिच्या हातात सुई, तिला अगंतुगं करू नये. त्यांनी फोटो काढला, दाढेवर कसल्याशा दांडीने टकटक केली, आणि दुखतंय का म्हणून विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, तरी मी हसून म्हटलं, इतकं काही नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, जिभेवर नाही, हे माझं नशीब. मुळाशी पू धरलाय, म्हणाल्या, पण दाढ वाचेल. आज आत औषध घालून तात्पुरतं सिमेंट लावते, पुढच्या आठवड्यात मुळं साफ करू, तोवर गोळ्या घ्यायच्या.

मग त्यांनी खुर्ची सरळ केली आणि एक वेगळंच काम सांगितलं. "काकू, मी आत्ता काय काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा. ही तुमची परीक्षा नाही बरं का. मी नीट सांगितलं की नाही, ते मला कळावं म्हणून."

नंतर कळलं की त्या सगळ्यांनाच असं विचारतात. माझ्या आधीच्या गृहस्थांनी म्हणे नुसतंच "गोळ्या घेतो" म्हटलं होतं, आणि त्यांना सगळं पुन्हा ऐकावं लागलं होतं. ती वेळ माझ्यावर येणार नव्हती. माझी सगळी उमर पाठांतरात गेली. एकदा कानावरून गेलेलं मी चालीसकट परत करते. मी हात जोडले नाहीत एवढंच. बाकी डोळे मिटून, पाठ ताठ करून सगळं म्हणून दाखवलं. जेवणानंतर एक गोळी, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. दुखायचं थांबलं तरी सोडायची नाही. त्या बाजूने चावायचं नाही. सूज आली तर, अं, लगेच यायचं. हा "अं" डॉक्टरांचा होता. तोही मी गाळला नाही.

डॉक्टर खूश झाल्या. हाताखालच्या बाईंना म्हणाल्या, पाहिलंत, असं पेशंटने ऐकायला हवं. मी मान खाली घातली. जिना उतरताना दाढ ठणकत होती आणि मी मनातल्या मनात ते वाक्य परत परत म्हणत होते. कुठलं, ते सांगायला नको.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती. मी एकदाच जेवते. दुपारी, दोन वाजून गेल्यावर. सकाळी पाणी, रात्री पाणी. उपासाच्या दिवशी दुपारीही पाणीच. बरीच वर्षं हे व्रत चालू आहे आणि ते गुप्त आहे. व्रत बोलून दाखवलं की त्याचं पुण्य उतरतं, असं मला माझ्या आईने शिकवलं. ह्यांना मी सांगून ठेवलंय की रात्री मला पचत नाही. मंडळात सांगून ठेवलंय की मी लवकर जेवते. सकाळी ह्यांच्यासमोर रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखं करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सत्याचं व्रत मी घेतलेलं नाही, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नव्हती.

पहिल्या रात्री गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि सगळं पुन्हा म्हटलं. जेवणानंतर एक गोळी. बरोबर. पण जेवण नाही, तर नंतर कुठून येणार? दिवसातून तीन वेळा, हेही पाठ होतं. त्याचा मी शांतपणे विचार केला. तीन हा आकडा तीनदा जेवणाऱ्यांसाठी. ज्यांची जेवणं तीन त्यांच्या गोळ्या तीन, माझं एक तर माझी एक. शिवाय मला असंही वाटलं की जो माणूस संयमाने राहतो, त्याला औषधसुद्धा थोडक्यात लागू पडत असेल. हा विचार मला इतका आवडला की मी पाकीट देवघराच्या कप्प्यात ठेवलं.

दवाखान्यात फोन करून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे का विचारते ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे व्रत फुटणार. त्यापेक्षा अळीमिळी गुपचिळी बरी.

मी एकही गोळी चुकवली नाही. दुपारी जेवले की एक. मध्ये उपास आला, त्या दिवशी जेवण नव्हतं, म्हणून गोळीही नव्हती. आणि सूचना विसरू नये म्हणून रोज सकाळी स्तोत्रं झाली की शेवटी डॉक्टरांचं म्हणणंही एकदा म्हणून घ्यायची, त्याच लयीत. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, पोथीत नवीन अध्याय घातलाय वाटतं. मी हसले. तोंडाने म्हणत होते, कानाने ऐकत होते, आणि मधला जो ऐकून समजून घेणारा माणूस असतो, तो बहुधा देवळाबाहेर चपला सांभाळत बसला होता.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी उठले तर गाल टम्म. आरशात बघितलं तर एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी खात्यापित्या घरची बाई. तोंड दोन बोटंही उघडेना. मौन असल्याने ह्यांना खुणेने दाखवलं. हे ओरडले, रिक्षा आणली, पुन्हा ओरडले, आणि दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही त्या बाकावर हसऱ्या दाढेसमोर जाऊन बसलो. पूजा राहिली म्हणजे मौन सुटायलाही नको होतं, पण दारात डॉक्टर दिसल्या आणि तोंडातून "आई गं" गेलं. ते मी देवाच्या नावात धरलं.

मास्कवरचे डॉक्टरांचे डोळे बघूनच मला कळलं की बातमी बरी नाही. त्यांनी गाल चाचपला, ताप बघितला, तोंड उघडेल तेवढं उघडून आत दिवा धरला. गोळ्या घेतल्या का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, घेतल्या, एकही चुकवली नाही. कशा घेतल्या? मी डोळे मिटले आणि सुजलेल्या तोंडाने पहिल्यापासून सगळं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "अं"सुद्धा जागच्या जागी.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, काकू, तुम्ही सगळं बरोबर केलंत. तरी पू वाढतोय, म्हणजे औषधाला दाद देत नाहीये. सूज गळ्याकडे उतरायला लागली तर अवघड होईल. मला धोका घ्यायचा नाही. दाढ काढूया.

मला ऐकू आलं ते एवढंच, दाढ काढूया. पुढे त्या कवळीबद्दल काही बोलत होत्या, नवी बनवू, दुसऱ्या पद्धतीने बसवू, जरा ढिली राहील. मी मान हलवत होते. ह्यांना आत बोलावून घेतलं होतं, तेही मान हलवत होते. डोळ्यांसमोर मंडळ आलं. जोडाक्षराशी सगळ्या थबकल्यात, माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या तोंडातून कवळी आणि शब्द एकाच वेळी निसटतोय. रडू आलं. पण रडले तर डॉक्टरांना वाटेल त्यांनी चूक केली, म्हणून मी घशातच गिळलं. इतकी मी समंजस.

हाताखालच्या बाईंनी ट्रे आणून ठेवला. त्यात चिमटा होता. डॉक्टरांनी सुईत औषध भरता भरता विचारलं, काही खाऊन आलात ना, रिकाम्या पोटी इंजेक्शन दिलं की चक्कर येते.

मी नाही म्हटलं.

मग काल रात्री उशिरा जेवला असाल.

मी पुन्हा नाही म्हटलं.

"काल दुपारी?"

काल उपास होता, असं मी म्हटलं. म्हणजे म्हटलं नाही, नुसते ओठ हलवले.

डॉक्टरांचा हात थांबला. सुई त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. मास्क हनुवटीखाली ओढला, स्टूल सरकवत माझ्या पुढ्यात आणलं आणि बसल्या. पहिल्यांदाच मला त्यांचं नाक दिसलं. माझ्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, "काकू, गोळीचं राहू द्या. परवाचा तुमचा दिवस सांगा मला. उठल्यापासून झोपेपर्यंत, काय काय पोटात गेलं."

मी गप्प बसले. माणसं माझ्या गप्प बसण्याला फार लवकर कंटाळतात आणि माझ्या वतीने उत्तर देऊन टाकतात. माझा सगळा संसार त्यावर चाललाय. हे तर उत्तर द्यायला पुढे सरसावलेच होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे हात केला, थांबा म्हणून, आणि स्वतःही थांबल्या. बाहेर कुणीतरी खोकलं. खाली चष्म्याच्या दुकानात शटर वर गेलं. त्या तशाच बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू आज त्यांना दुसरा पेशंटच नव्हता.

मी एका पारड्यात दाढ ठेवली आणि दुसऱ्यात पुण्य. लाज वाटते सांगायला, पण पारडं हलायला फार वेळ लागला नाही.

"मी एकदाच जेवते," मी म्हटलं. "दुपारी. व्रत आहे. रात्री जेवणच नसतं, मग जेवणानंतरची गोळी कशी घेणार?"

"म्हणजे दिवसाला एकच?"

"आणि उपासाला ती पण नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. हे मात्र बघत राहिले नाहीत. हे ओरडले. इतकी वर्षं पचत नाही म्हणून सांगतेस, आणि मी तुझ्यासाठी पाचक आणून आणून थकलो, आणि ते रोज सकाळी चहा कसला पितेस मग, आणि असलं कुणाला विचारून धरलंस. खिडकीच्या काचा हलल्या असतील. बाहेरच्या बाकावरचं खोकणंसुद्धा थांबलं.

डॉक्टरांपुढे एवढं उघड केलंच, तर उरलेलं तुमच्यापुढे आता उघडच करून टाकते. हे व्रत मी धरलं होतं ते ह्यांचा राग कमी व्हावा म्हणून. आणि वर्षानुवर्षांच्या व्रताचं फळ माझ्यासमोर उभं राहून हातवारे करत होतं.

डॉक्टरांनी ह्यांना काका, जरा बसा, असं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की हे बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे काकू. मी तुम्हाला माझीच वाक्यं परत मागितली. तुम्ही जेवता कधी, हे विचारलंच नाही."

मी घाईने म्हटलं, छे छे, तुमची कसली चूक, तुम्ही अगदी छान सांगितलं होतं. जीभ सुजलेली नव्हती ना, सवयीने चालली. त्या हसल्या. छान सांगून उपयोग काय झाला, म्हणाल्या.

चिमटा ट्रेमध्येच राहिला. म्हणाल्या, औषध हरलं नाहीये, ते पोहोचलंच नाहीये, तेव्हा दाढेला एक संधी देऊ. त्यांनी सिमेंट काढून दाढ उघडली, आतून पू वाहू दिला, दंडात एक इंजेक्शन दिलं. नवीन औषध रिकाम्या पोटी चालणारं होतं. असं औषध असतं, हे ऐकून मी थक्क झाले. तेव्हाच विचारलं असतंत तर तेव्हाच दिलं असतं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण ते वाक्य खोलीत होतं. एका दिवसात सूज उतरायला लागली नाही तर दाढ काढायची, आणि गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर एक क्षण न थांबता मोठ्या दवाखान्यात जायचं, हे त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं.

या वेळी मी म्हणून दाखवलं नाही. विचारलं. गोळी पाण्याने घेतली तर व्रत मोडतं का, ते मी देवाला विचारीन, पण मौनाच्या वेळेत आली तर काय करू? कुठली वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का? कवळी घालायची की काढून ठेवायची? पाठ म्हटला तर चालेल का? त्यांनी एकेक सांगितलं. चुकली तर दोन घ्यायच्या नाहीत. कवळी काढून ठेवायची. पाठ मनात. मौनात गोळी घेता येते काकू, ती बोलत नाही. हाताखालच्या बाई दारातून दोनदा डोकावून गेल्या, इतका वेळ आम्ही लावला.

औषधाच्या वेळा ह्यांनी हातात घेतल्या. डेपो सुटल्यापासून माणसाला इतकं सुख मिळालं नव्हतं. घड्याळ हातात धरून उभे राहायचे, एका हातात पाण्याचं भांडं, एका हातात गोळी, आणि मी वेळेवर तोंड उघडलं की समाधानाने निघून जायचे. ओरडले नाहीत असं नाही. पण गोळी तोंडात असताना ह्यांचं ओरडणंही बरं लागतं, हे मला नवीनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला हात लावला तर तो पुष्कळसा माझाच वाटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आत दिवा धरला आणि दाढेवर पुन्हा त्या दांडीने टकटक केली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मग म्हणाल्या, राहतेय. दाढ राहतेय. पुढच्या खेपेला मुळं साफ करून टाकू.

त्या खेपेला त्यांनी जबडा बधिर केला, गालात कापसाचे बोळे सारले आणि कामाला लागल्या. मला तर नेमकं तेव्हाच बोलायचं होतं. जन्मभर मोकळं तोंड घेऊन गप्प बसले, आणि आता त्यात बोळे, नळी आणि डॉक्टरांची बोटं असताना सगळं गळ्याशी आलं. मी नुसतं "ऊं" केलं. काही नाही, चालू द्या, असं दाखवायला हात हलवणार होते, पण हात आपणच वर राहिला.

डॉक्टर थांबल्या. दुखतंय का, म्हणून विचारलं. मी मान हलवली, या वेळी नक्की नाही म्हणूनच. त्यांनी नळी बाजूला केली, एकेक बोळा काढला, तोंड पुसून दिलं आणि म्हणाल्या, "बोला."

माझा ओठ एका बाजूला लोंबत होता. ज्या उच्चारांसाठी एवढं सगळं केलं, त्यांतला एकही धड येत नव्हता. तरी मी बोलले.

"उजवीकडची वरची पण दुखते. पुष्कळ दिवस झाले. तुम्ही डावीकडचंच बघत होतात, मग म्हटलं, मध्ये कशाला बोला."

डॉक्टरांनी हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं, हाताखालच्या बाईंना बाहेरच्या माणसांना थोडा वेळ लागेल म्हणून सांगायला पाठवलं, आणि स्टूल पुन्हा माझ्या पुढ्यात ओढलं.